शनिवारी क्लबहाऊसमध्ये पाहिलेला ‘मिसेस डाउटफायर’

सेक्रेटरी काका: शनिवारी सिनेमाला आलेल्या सगळ्यांचे आभार. स्पीकर भाड्याचे होते, परत गेले. स्टीलचा एक डबा आणि लहान मुलाची एक निळी चप्पल क्लबहाऊसमध्ये राहिली आहे. पुढच्या महिन्यात कोणता सिनेमा लावायचा ते सुचवा.

ए-१०१ आजोबा: सुचवण्याआधी मनातलं बोलतो, कोणी राग मानू नये. सिनेमा विनोदी म्हणून लावलात आणि तो विनोदी आहेच. मी पोट धरून हसलो. पण पुढे सतरंजीवर आठ-दहा वर्षांची पोरं बसलेली आणि पडद्यावर नवरा-बायको कडाकडा भांडतायत, कोर्ट त्यांना वेगळं करतंय, मग बाप मुलांजवळ राहता यावं म्हणून मिसेस डाउटफायर नावाच्या म्हाताऱ्या मोलकरणीचं सोंग घेऊन त्याच घरात शिरतोय, आणि शेवटपर्यंत ती दोघं एकत्र येतच नाहीत. आचार्य अत्र्यांचं ‘मोरूची मावशी’ आम्ही विजय चव्हाणांचं पाहिलंय. तिथेही पुरुषच मावशी होतो. पण घरी जाताना मन हलकं असायचं. परवा मी जिना चढताना गप्प होतो.

बी-२०४: आजोबा, मी नाटकांची रंगभूषा करतो, म्हणून मावशीचा धागा मला फार आवडला. मावशीच्या बाबतीत प्रेक्षकाला पहिल्यापासून पुरुष दिसतच असतो, हसू त्याचंच असतं. इथे उलट आहे. बाबा झालेल्या रॉबिन विल्यम्सचा पूर्ण चेहराच झाकलाय. सिनेमात तो मुखवटा एका झटक्यात चढतो-उतरतो असं दाखवलंय, पण खरं काम तसं नव्हतं. फोम लेटेक्सचे, म्हणजे मऊ स्पंजासारख्या रबराचे, वेगवेगळे तुकडे चेहऱ्यावर चिकटवून, कडा बेमालूम मिसळून, वर रंग द्यायचा, आणि हे शूटिंगच्या प्रत्येक दिवशी नव्याने. आम्ही नाटकात नुसती दाढी चिकटवतो तर दुसऱ्या अंकात घामाने कड सुटायला लागते! ग्रेग कॅनम, व्ही नील आणि योलांडा तुसिएंग या तिघांना यासाठी ऑस्कर मिळालं, आणि ते शंभर टक्के त्यांच्या हक्काचं होतं.

बी-२०४: बाबाचं घर तपासायला कोर्टाच्या बाई येतात आणि मुखवटा खिडकीतून खाली पडतो, तो प्रसंग परत बघा. दुसरा उपाय नाही म्हणून तो केकवरच्या आयसिंगमध्ये तोंड बुडवतो. समोर बसून बोलताना ते विरघळून बाईंच्या चहात टपकतं, आणि हा लगेच, घ्या, क्रीमही पडलं नि साखरही, अशा थाटात बोलून मोकळा होतो. विल्यम्स ऐनवेळी काय बोलेल याचा नेम नसायचा, म्हणून दिग्दर्शक ख्रिस कोलंबस एकाच वेळी अनेक कॅमेरे लावून ठेवायचा. समोरच्याचा चेहराही त्याच क्षणी टिपला गेला पाहिजे ना. असं टायमिंग घोटून येत नाही.

ए-३०४: दादा, अभिनय आणि मेकअप, मान्यच. पण मला पटकथेबद्दल बोलायचंय. मला हा सिनेमा अर्धाच आवडला. १९९३ चा आहे हे धरूनही. बसवाल्याचा प्रसंग, बाथरूममध्ये मुलगा त्याला उभ्याने लघवी करताना बघतो आणि घाबरून पळतो तो प्रसंग, हे सगळं ‘बाईच्या कपड्यातला पुरुष म्हणजे किळस’ एवढ्यावरच उभं आहे. आणि रेस्टॉरंटचा भाग फार लांबलाय. एका टेबलावर त्याला कार्यक्रम देऊ शकणारा टीव्ही चॅनेलचा मालक, दुसऱ्यावर बायकोच्या वाढदिवसाचं जेवण, आणि हा सारखा बाथरूममध्ये जाऊन कपडे बदलतोय. दोन फेऱ्यांत गंमत कळली होती.

ए-३०४: शिवाय स्टूच्या, म्हणजे बायकोच्या नव्या मित्राच्या, ताटात तिखट घालणं! ज्याला ॲलर्जी आहे हे माहीत आहे, त्याच्याच जेवणात. माणूस गुदमरतो. आणि आपण ते हसून सोडून द्यायचं, कारण करणारा गोड बाबा आहे.

बी-३०१ काकू: अगं, पण वाचवतो पण तोच ना? पाठीमागून मिठी मारून पोट दाबतो, त्यातच तर मुखवटा फाटतो. मला तो पियर्स ब्रॉस्ननचा स्टू फार आवडला. सज्जन माणूस. आपल्याकडे बायकोच्या आयुष्यात दुसरा आला की तो खलनायकच असतो. मला खरं तर ‘चाची ४२०’ आठवत होता. कमल हासनने आधी तमिळमध्ये १९९६ साली ‘अव्वै षण्मुगी’ केला आणि पुढच्या वर्षी हिंदीत ‘चाची’. मूळ कल्पना ह्याच सिनेमाची. ‘चाची’त शेवटी दोघं एकत्र येतात, म्हणून मी परवा सी-५०२ च्या कानात सांगत होते, थांब, आता येतील बघ एकत्र. आलेच नाहीत. मला चुटपुट लागून राहिली.

सी-५०२: काकू, तुम्ही कानात म्हणालात तेव्हा मी काही बोलले नाही. मी मनात म्हणत होते, नका येऊ, कृपा करून नका येऊ.

मी ग्रुपवर फारसं लिहीत नाही. आज सविस्तर लिहिते. माझा घटस्फोट होऊन पाच वर्षं झाली, हे बहुतेकांना माहीत आहे. लेक सहावीत आहे. तो परवा पुढे सतरंजीवर बसला होता.

मला सिनेमाचा सगळ्यात जास्त राग सुरुवातीलाच आला. मुलाचा वाढदिवस असतो. प्रगतीपुस्तक वाईट आलेलं म्हणून आईने पार्टी नको सांगितलेली. बाबा घरात अख्खं प्राणिसंग्रहालय भरवतो, पोरं सोफ्यावर नाचतात, पोलीस येतात. आई ऑफिस सोडून धावत येते, तेव्हा कॅमेरा तिच्याकडे कसा बघतो पाहा. रंगाचा बेरंग करायला आलेली बाई! क्षणभर मीसुद्धा तिच्यावर वैतागले. मग ती म्हणते की सगळी मजा तुझी आणि उरलेलं ते माझ्या वाट्याला. उरलेलं म्हणजे काय, ते सिनेमा दाखवत नाही. त्या घोड्यामागची साफसफाई कोणी केली? पोलिसांना काय सांगितलं, शेजाऱ्यांची माफी कोणी मागितली, दुसऱ्या दिवशी बॉसला तोंड कोणी दिलं? पटकथा रँडी मेयम सिंगर आणि लेस्ली डिक्सन या दोन बायकांनी लिहिलीय, म्हणून हे मला जास्त लागलं. विनोद सगळा बाबाच्या ताटात आणि आईच्या वाट्याला नुसतं ओरडणं. सॅली फील्डसारखी ताकदीची अभिनेत्री घेऊन!

पण मग तो प्रसंग येतो, ज्यासाठी मी हा सिनेमा पुन्हा बघेन. आई, म्हणजे मिरांडा, मोलकरणीशी बोलत बसते, समोर आपलाच नवरा डॅनियल आहे हे तिला माहीत नाही. ती सांगते की रोज रात्री रडत झोपायचे. तुम्ही हे डॅनियलला कधी बोललात का, तो विचारतो. गंभीर काही बोलायचं म्हटलं की त्याला ते नकोच असायचं, असं तिचं उत्तर. आणि शेवटी, त्याच्यासोबत असताना मी जशी व्हायचे तशी मी मलाच आवडत नव्हते. तेव्हा विल्यम्सकडे बघा. चेहरा रबराचा, त्यावर काही उमटायला जागाच नाही. नुसते डोळे आहेत. चौदा वर्षांच्या संसारात जे ऐकलं नाही ते त्याला तिथे ऐकून घ्यावं लागतंय, आणि मध्ये विनोद करून सुटताही येत नाही, कारण सोंग मोडेल. आख्ख्या सिनेमात हा माणूस एकदाच गप्प बसतो.

हे वाक्य मला स्वतःला सात वर्षं सापडत नव्हतं. आईला सांगताना, वकिलांना सांगताना, मी म्हणायचे, मारत नाही, पीत नाही, पण जमत नाही. लोक म्हणायचे, मग काय झालंय?

बी-३०१ काकू: वाचतेय गं. लिही तू.

सी-५०२: आजोबा, तुमचं ओझं मला कळतं. तुम्ही मुलांच्या काळजीनेच बोलताय. पण त्यातल्या मुलांनाही तेच हवं असतं, आईबाबा पुन्हा एकत्र. माझ्या लेकालाही हवं होतं. सिनेमात ती परत एकत्र आली असती तर परवा रात्री त्याने मला काय विचारलं असतं याचा विचार करा. की आई, त्यांचं झालं मग आपलं का नाही? त्याऐवजी शेवटी टीव्हीवर मिसेस डाउटफायर एका मुलीच्या पत्राला उत्तर देते. काही आईवडील वेगळे राहिले की जास्त चांगले वागू शकतात, असं ती सांगते, आणि पुन्हा एकत्र येतीलच असं खोटं आश्वासन देत नाही. हॉलिवूडचा एवढा मोठा, सगळ्या घरादाराने बघायचा सिनेमा असं ठाम बोलतो, हे मला फार धीराचं वाटलं. आणि मग आई स्वतः कोर्टात जाऊन, बाबाने मुलांना देखरेखीखालीच भेटायचं ही अट काढून घेते, बाबा रोज शाळेनंतर मुलांना न्यायला येतो. आधी तर फक्त शनिवार मिळालेला असतो.

ए-३०४: ताई, शेवट मलाही आवडला. पण तिने इतक्या लवकर माफ करावं? महिनोन्‌महिने फसवून घरात घुसला होता तो. आपल्यापैकी कोणाच्या घरी असं झालं तर आपण पोलिसांत जाऊ.

सी-५०२: जाऊच. तिथे सिनेमा कच्चा आहे, मान्य. न्यायाधीश त्याला ऐकवतात तेव्हा आपल्याला न्यायाधीशच दुष्ट वाटावेत अशी मांडणी केलीय, पण ते बोलतात ते बरोबर आहे. मिरांडाला धक्क्यातून सावरायला एक प्रसंग तरी द्यायचा. दोन तास पाच मिनिटांच्या सिनेमात रेस्टॉरंटमधली पाच मिनिटं कमी केली असती तर बसला असता.

बी-२०४: ॲन फाइनच्या १९८७ च्या कादंबरीवर सिनेमा आहे. पडद्यावर विल्यम्स आला की तोल त्याच्याकडे झुकणारच. तो एवढा आवडतो की त्याची चूक आपल्याला चूक वाटत नाही. ताकद तीच आणि कमजोरीही तीच.

ए-१०१ आजोबा: सी-५०२, बेटा, तुझं दोनदा वाचलं. मी माझ्या वयाच्या माणसासारखा बघत होतो. लेक काय म्हणाला तुझा?

सी-५०२: आजोबा, तो आधी काहीच बोलला नाही. दात घासताना म्हणाला, त्या बाबाला निदान आत तरी येता येतं.

बी-३०१ काकू: म्हणजे?

सी-५०२: त्याचे बाबा एक रविवार सोडून येतात. वर यायला नको असं आमचं दोघांचं ठरलंय, त्यात कोणाची चूक नाही. पण बाहेरच्यांना क्लबहाऊस वापरायला मनाई आहे, म्हणून ते दोघं गेटजवळच्या बाकावर बसतात. पाऊस आला की वॉचमनच्या केबिनच्या पत्र्याखाली. गेल्या वेळी दोघं तिथेच उभे राहून पेरू खात होते. मी वरून बघत होते.

ए-१०१ आजोबा: सेक्रेटरी, तो नियम लग्नकार्याला हॉल देण्यापुरता होता. बाप-लेकासाठी नव्हता. ठराव करताना मी हजर होतो.

बी-३०१ काकू: कॅरम पण आहे आत. पावडर संपलीय, मी आणून ठेवते.

सेक्रेटरी काका: येत्या रविवारपासून क्लबहाऊसची किल्ली दहा ते एक वॉचमनकडे ठेवतो. वहीत नाव लिहायची गरज नाही.