समुद्रात कायाकवरून गळ टाकताना मोठी मुशी (शार्क) आली तर?

हतनूरकर_भुसावळ

राम राम मंडळी. डिसेंबरात आम्ही चौघं कायाक घेऊन मालवणला जातोय. आतापर्यंतचं सगळं गोड्या पाण्यातलं: हतनूरचं बॅकवॉटर, गिरणा धरण, मरळ, कटला, वाम. कायाक चारही उघड्या, वर बसायच्या, १० ते १२ फुटी. रीलवर २० पौंडी ब्रेड (विणलेली गळाची दोरी) आहे. तारकर्ली ते देवबाग पट्ट्यात किनाऱ्यापासून दीड-दोन किलोमीटर आत जाऊन सुरमई, कोकर, तांबोशी बघायची असा बेत.

घरून एकच विचारणा चालू आहे: मोठी मुशी आली तर? हसण्यावारी नेता येत नाही, कारण उत्तर आम्हालाही माहीत नाही. तिकडे किनाऱ्याजवळ खरंच किती मोठी येते? कायाकभोवती फिरायला लागली तर नेमकं काय करायचं? आणि आम्ही पकडलेला मासा कल्ल्यातून दोरी ओवून कायाकच्या मागे पाण्यातच सोडतो, म्हणजे घरी नेईपर्यंत ताजा राहतो. तिकडे हे चालेल का?

---

खारं_पाणी_धुळे

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण बाकीचं त्यावरच अवलंबून आहे. ती ओवण भुसावळलाच ठेवून या. दोरीला बांधलेला मासा मरेपर्यंत धडपडतो आणि त्या धडपडीचे कमी कंपनसंख्येचे धक्के पाण्यात लांबवर जातात. मुशीचे कान नेमके तेच पकडतात. त्यात कल्ल्यातून झिरपणारं रक्त. म्हणजे तुम्ही ढोल वाजवत, वास सोडत चाललात आणि जेवणाचं ताट स्वतःच्या मांडीपासून दोन हातांवर टांगलंत. हतनूरला ते ताट ओढायला कुणी नसतं, एवढाच फरक.

समुद्रात मासा वर आला की डोक्यात एक टोला, कल्ला कापून रक्त बर्फाच्या पिशवीतच उतरू द्यायचं, पिशवीची चेन बंद. अस्तर असलेली जाड पिशवी मागच्या खोलगट जागेत बसते. त्यात तीन-चार किलो बर्फ आणि दोन मग समुद्राचं पाणी घातलं की मासा ओवणीपेक्षा जास्त ताजा राहतो. रक्ताचं पाणी मध्येच समुद्रात ओतू नका, आतडी काढायचं काम किनाऱ्यावर.

आता आकार. कोकणात किनाऱ्यालगत जी मुशी किंवा मोरी मिळते ती बहुतेक हातभर लांबीची. बाजारातली चपट्या नाकाची छोटी जात पाऊण मीटरच्या पुढे सहसा जात नाही. ती तुम्हालाच घाबरेल. लक्ष ठेवायचं ते बुल शार्ककडे. जाड अंगाची, आखूड बोथट नाकाची, दोन-अडीच मीटरची, गढूळ पाण्यात आणि खाडीच्या तोंडाशी रमणारी. फेब्रुवारी २०२४ मध्ये पालघर जिल्ह्यात मनोरजवळ वैतरणा खाडीत मुशीने एका तरुणाच्या पायाचा लचका तोडला होता. तेव्हा ‘आपल्याकडे असं होत नाही’ हे वाक्य बाजूला ठेवा, पण रोज होतं असंही समजू नका.

म्हणून जागा आणि वेळ निवडताना: कर्ली खाडीच्या मुखाशी ओहोटीचं गढूळ पाणी बाहेर पडत असताना थांबू नका. रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढली जात असेल तिथून लांब राहा. जाळं आवळत आलं की आतल्या माशांच्या गडबडीवर बाहेरून गिऱ्हाईक जमतं. ट्रॉलर बारीक मासळी समुद्रात फेकत असेल तर त्याच्या मागे तर मुळीच नको. उजाडता आणि मावळता मासा चांगला लागतो हे खरं, पण मुशीचीही तीच जेवणाची वेळ. सूर्य वर आल्यावर, तळ दिसतो अशा निवळ पाण्यात गळ टाका, मासा थोडा कमी मिळेल.

---

मरळवाला_यावल

मध्येच एक शंका. बुल शार्क नदीत चढते म्हणतात. मग सुरतेहून तापीने वर यायला तिला काय अडचण?

---

खारं_पाणी_धुळे

गोड्या पाण्याची अडचण नाही, तिची मूत्रपिंडं ते सांभाळतात. अडचण काँक्रिटची. १९७२ पासून उकाईची भिंत उभी आहे. ती चुकवलीच तर पुढे प्रकाशा, सारंगखेडा, सुलवाडे ही बॅरेजं आणि मग हतनूरचे ४१ दरवाजे. एवढं करून आली तर चांगदेवाचं दर्शन घेऊनच जाऊ द्या तिला. तापीमा मुशी नही भो, निवांत मरळ धर.

---

ड्रॅग_अडीच_किलो

मूळ प्रश्नात एक गोष्ट विचारलेली नाही आणि माणूस पाण्यात पडतो तो बहुतेक तिच्यामुळेच: मुशी सहसा कायाकला धडक देत नाही, गळाला लागलेला मासा पळवते आणि तुम्ही दोरीच्या दुसऱ्या टोकाला असता.

ओळखायचं असं. कोकर लागलाय, धक्के देत खाली जातोय. अचानक धक्के वेडेवाकडे आणि जोरात होतात, मग क्षणभर दोरी ढिली पडते आणि लगेच जड, सरळ, न थांबणारी ओढ सुरू होते. तो आता कोकर राहिलेला नाही. किंवा ओढ येतच नाही आणि वर नुसतं मुंडकं येतं, कडा वस्तऱ्याने कापल्यासारख्या. अशी मुंडकी दोन आली की ती जागा सोडायची आणि किमान अर्धा किलोमीटर सरकायचं. तिथेच गळ टाकत राहिलात तर मुशीला तुम्ही सवय लावताय.

२० पौंडी ब्रेड म्हणजे साधारण ९ किलो. ड्रॅग (किती ओढीला रील दोरी सोडते तो ताण) त्याच्या चौथ्या हिश्शाला लावा, २ ते अडीच किलो. अंदाजाने नको: दोरीला भाजीवाल्याचा स्प्रिंगकाटा अडकवा, रॉड ४५ अंशांत धरा, दुसऱ्याला काटा ओढायला सांगा आणि रील कुठे सुटते ते वाचा. धरणावर बरेच जण ड्रॅग पक्का आवळून ठेवतात, कारण मरळ वेलात घुसते. समुद्रात तीच सवय कायाक उलटवते. समोरून किंवा मागून ओढ आली तर १२ फुटी कायाक नुसती ओढली जाते. आडवी आली तर काठ पाण्याखाली जातो आणि मग वजन सावरायला वेळ मिळत नाही. म्हणून जड ओढ लागताच रॉडचं टोक कायाकच्या नाकाकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडे, वळवा, कायाक आपोआप दोरीच्या दिशेने फिरते.

मग दोरी कापा. रॉडच्या टोकापाशी ताणलेल्या ब्रेडला पातं नुसतं टेकलं तरी ती तुटते. पातं तोंडापासून लांब धरा. ब्रेड हाताला गुंडाळून ओढायची नाही, बोटं कापते. रॉडची सुरक्षादोरी मनगटाला नको, कायाकला बांधा. चाकू लाइफ जॅकेटच्या छातीवर, बोथट टोकाचा. डबीतला चाकू नसल्यासारखाच.

हुक साध्या लोखंडाचे, गोल वळणाचे घ्या. ते बहुतेक जबड्याच्या कोपऱ्यात अडकतात, पोटात जात नाहीत आणि कापून सोडावे लागले तर गंजून निघतात. स्टेनलेस वर्षानुवर्षं तोंडात राहतो. सुरमईच्या दातांसाठी वीतभर तार लागेल, त्याहून लांब नको: तार चाकूने कापत नाही, म्हणून कापायला पुढे ब्रेड किंवा मोनो (साधी एकपदरी नायलॉन दोरी) राहिला पाहिजे.

नांगर टाकणार असाल तर बाजूला कधीच बांधू नका. नाकाशी किंवा शेपटीशी, आणि दोरीच्या टोकाला तरंगणारा गोळा, म्हणजे एका झटक्यात सोडून निघता येईल.

---

हतनूरकर_भुसावळ

ड्रॅगचं मनावर घेतलं, आमचे चारही आवळलेले आहेत. आता समजा मासा नाही, दोरी नाही, नुसती पाठीवरची पाख दिसली आणि ती गोल फिरतेय. तेव्हा? आणि ते मनगटात घालायचे मुशी पळवणारे चुंबकाचे पट्टे घ्यावेत का? एक जण चार मागवायला निघालाय.

---

खारं_पाणी_धुळे

आधी ती मुशीच आहे का बघा. मालवणला किनाऱ्याजवळ डॉल्फिन भरपूर. डॉल्फिनची पाख श्वासासाठी वर येते, कमानीसारखी वळते, बुडते, पुन्हा येते. फुसकारा ऐकू येतो. मुशीची पाख पाणी कापत सरळ जाते, वरखाली होत नाही, आणि तिच्या मागे शेपटीचं टोक डावी-उजवीकडे हलताना दिसतं. दोन टोकं आळीपाळीने वर येत असतील तर तो पाकट, पंख हलवतोय. आणि अंगभर पांढरे ठिपके, बसच्या आकाराचं धूड दिसलं तर तो व्हेल शार्क. तोंड उघडून बारीक जीव गाळून खातो, तुम्हाला काही करत नाही. २००१ पासून तो वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे वाघाच्या बरोबरीने. त्याच्या मागे कायाक दामटणं किंवा वल्ह्याने ढोसणं महागात पडेल.

मुशीच असेल तर सगळ्यांच्या दोऱ्या आत. पाय आत. बर्फाच्या पिशवीची चेन बंद आहे ना ते बघा. चारही कायाक शेजारी-शेजारी आणा आणि एकमेकांच्या कडा धरा. दहा फुटी चार कायाक एकत्र म्हणजे तिच्या नजरेत एकच मोठं, न हलणारं काहीतरी. तोंड तिच्याकडे. बहुतेक वेळा दोन-तीन फेऱ्या मारून ती निघून जाते. गेल्यावर वल्हं न आपटता, एका लयीत किनारा. पाणी उडवत पळालात तर जखमी माशाचीच नक्कल होते.

नाकाने कायाकला ढोसलं तर वल्ह्याचं पातं मध्ये धरून ढकला, मारायचं नाही. चावलीच तर मात्र हयगय नको: डोळा आणि कल्ल्यांच्या फटी, तिथे जोरात. नाकावर मारा असं लोक सांगतात, पण नाकाखालीच तोंड असतं. असा प्रकार दुर्मिळ, पण झालेला आहे. मे २०२३ मध्ये हवाईच्या ओआहू बेटाजवळ कायाकवरून मासेमारी चालू असताना टायगर शार्क थेट कायाकच्या बाजूवर येऊन आदळला, कॅमेऱ्यात सगळं आलंय. माणूस वाचला, कारण कायाक उलटली नाही.

चुंबकी पट्ट्यांचे पैसे वाचवा. २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या फ्लिंडर्स विद्यापीठाने ग्रेट व्हाइट शार्कवर पाच उपकरणं तपासली. त्यातल्या विजेच्या धक्क्यावर चालणाऱ्या एकाने आमिष खाल्लं जाण्याचं प्रमाण ९६ टक्क्यांवरून ४० वर आणलं. चुंबकी पट्ट्यासह बाकीच्यांचा म्हणण्याजोगा उपयोग दिसला नाही. जे चाललं त्यातही दहातल्या चार वेळा आमिष गेलंच, हे लक्षात ठेवा.

---

गिरणाकाठ_चाळीसगाव

दोन किलोमीटरच्या बेताबद्दल कुणीच बोललं नाही. भरलेली कायाक तासाला चार-पाच किलोमीटर जाते. म्हणजे दोन किलोमीटर परत यायला अर्धा तास. डिसेंबरात सकाळी मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. तुम्हाला आत जाताना मजेत ढकलेल आणि परतताना तोंडावर येईल. तोच अर्धा तास पाऊण होतो. खारे वारे दुपारी सुरू होतात, तेव्हा परत येणं सोपं पण लाटा उठलेल्या. आता यात पायाला चावा बसलेला माणूस ठेवा. मांडीची धमनी फाटली तर हातात काही मिनिटं असतात. पाचशे मीटरच्या पुढे जाऊ नका, पहिल्या खेपेला तर नकोच.

प्रत्येकाच्या जॅकेटवर टुर्निकेट (रक्त थांबवायचा पट्टा) हवं, दांडी फिरवून आवळायचं. कमरेच्या पट्ट्याने रक्त थांबत नाही, तेवढा आवळताच येत नाही. जखमेच्या वर, हृदयाच्या बाजूला चार बोटं सोडून. गुडघ्यावर किंवा कोपरावर नाही. रक्त थांबेपर्यंत दांडी फिरवायची, माणूस ओरडला तरी. वेळ मार्करने कपाळावर लिहा आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सैल करू नका. तटरक्षक दल १५५४, रुग्णवाहिका १०८. फोन पाणी न शिरणाऱ्या पिशवीत, जॅकेटलाच.

आणि निघण्याआधी हतनूरवर एक रविवार उलटायची तालीम करा. दरवाज्यांपासून लांब, शांत पाण्यात, जॅकेट आणि सगळं सामान बांधून. उलटलेल्या कायाकच्या पोटावरून हात टाकून पलीकडची कड धरायची, अंग मागे टाकत ओढायचं, की सुलटी होते. मग मधल्या भागाला धरून पाय पाण्याच्या पातळीला आणायचे, कारण पाय कायाकखाली लोंबत असतील तर वर चढताच येत नाही. एक लाथ, पोट आडवं कायाकवर, कूस बदलून बूड जागेवर, पाय शेवटी आत. घड्याळ लावा. तीस सेकंदांच्या आत तीनदा जमेपर्यंत सोडू नका. सामानाच्या दोऱ्या पायात गुंततात का तेही तिथेच कळेल. बहुतेक गुंततात, मग अर्ध्या काढून टाका.

---

हतनूरकर_भुसावळ

पट्ट्यांची ऑर्डर थांबवली, त्या पैशात टुर्निकेट येतील. अंतर पाचशे मीटर. रविवारी तालीम ठरली, चौघांपैकी एकाचं पोट सुटलंय, त्याचं तीस सेकंदांत होईल का शंका आहे.

---

गिरणाकाठ_चाळीसगाव

त्याच्यासाठी पट्टीचा पायफास करा. दोन मीटर लांबीची रुंद पट्टी, एक टोक पलीकडच्या हँडलला बांधून कायाकवरून अलीकडे आणायचं, गुडघ्याइतक्या खोलीवर पाऊल मावेल एवढा फास. पाय टाकून उभा राहिला की चढतो. वर आल्यावर पट्टी लगेच आत ओढून घ्यायची, लोंबती ठेवायची नाही.