जस्टिन जेफरसन लीगमध्ये कितवा? माझ्या मते अजूनही पहिलाच

मिनेसोटाकर

गेल्या आठवड्यात आमच्या मित्रमंडळींत 2025 च्या हंगामाआधी एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या लीगमधल्या वाइड रिसीव्हरांची, म्हणजे पुढे पळून फेकलेला चेंडू पकडणाऱ्यांची, क्रमवारी लावायची टूम निघाली. सात जणांपैकी चौघांनी सिनसिनाटी बेंगल्सच्या जमार चेसला पहिला नंबर दिला. ते एक वेळ समजू शकतो. पण दोघांनी आमच्या व्हायकिंग्जच्या जस्टिन जेफरसनला थेट चौथ्यावर नेऊन बसवलं. चेस, डॅलसचा सीडी लॅम आणि डेट्रॉइटचा अमॉन-रा सेंट ब्राउन, या तिघांच्या खाली! तेव्हापासून मला चैन नाही, म्हणून हा धागा.

आधी हिशोब मांडतो. 2020 ते 2024, पाच हंगाम, 77 सामने, 7,432 यार्ड (चेंडू पकडून संघाला मिळवून दिलेलं अंतर). म्हणजे सामन्यामागे साडेशहाण्णव. पहिल्या पाच हंगामांत इतकी मजल लीगच्या इतिहासात कुणीही मारलेली नाही. 2022 ला 128 कॅच आणि 1,809 यार्ड, त्या वर्षीचा सर्वोत्तम आक्रमक खेळाडूचा मान त्यालाच. 2023 ला मांडीच्या हॅमस्ट्रिंगने सात सामने हुकले, उरलेल्या दहांत तरीही 1,074.

पण माझं खरं म्हणणं आकड्यांच्या मागे आहे. चेंडू फेकत कोण होतं, ते बघा. 2023 ला आमचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा, कर्क कझिन्स याची टाचेमागची अकिलीस कंडरा तुटली, आणि जेफरसनला त्या दहा सामन्यांत चार वेगवेगळ्या क्वार्टरबॅकचे हात बघावे लागले. शेवटच्या सामन्यात डेट्रॉइटमध्ये निक मलन्स फेकत होता, तरी पठ्ठ्याने 12 कॅच आणि 192 यार्ड काढले. पुढच्या वर्षी सॅम डार्नॉल्ड आला. जेट्सने सोडलेला, पँथर्सने सोडलेला. त्याच्या फेकींवर 35 टचडाउन (गोलरेषेपार चेंडू) झाले आणि संघ 14 सामने जिंकला. डार्नॉल्डने मेहनत केली नाही असं मी म्हणणार नाही, पण त्याचं नशीब फळफळलं ते कुणाच्या सोबतीत, हे उघड आहे.

8 डिसेंबर 2024 चा अटलांटाविरुद्धचा सामना मी मिनियापोलिसच्या स्टेडियममध्ये अगदी वरच्या रांगेतून पाहिला. टीव्हीवर कॅमेरा चेंडूच्या मागे धावतो. वरून मात्र सगळे बावीस जण एकदम दिसतात. मी चेंडू सोडून 18 नंबरकडे बघत बसलो. स्नॅप व्हायच्या, म्हणजे चेंडू खेळात यायच्या, आधीच समोरच्या संघाचा सर्वांत मागचा बचावपटू, सेफ्टी, दोन पावलं त्याच्या बाजूला सरकलेला असायचा. स्नॅप झाला की त्याच्या अंगावरचा बचावपटू, कॉर्नरबॅक, त्याच्या कमरेवर डोळे लावून मागे हटायचा, आणि सेफ्टीचे खांदेही तिकडेच वळायचे. मैदानाची दुसरी बाजू मोकळी पडायची. त्या दिवशी आमच्या दुसऱ्या रिसीव्हरने, जॉर्डन अ‍ॅडिसनने, तीन टचडाउन केले, जेफरसनने दोन, आम्ही 42-21 ने जिंकलो. अ‍ॅडिसनच्या नावावरच्या यार्डांत जेफरसनचाही वाटा आहे. तो कुठल्या रकान्यात लिहायचा?

ओहायोची वैदेही

मिनेसोटाकर, तळमळ पोचली. पण ही सगळी मांडणी ‘असं असतं तर तसं झालं असतं’ यावर उभी आहे. आत्याबाईला मिशा असत्या तर, त्यातली गत.

चेसने 2024 ला काय केलं ते समोर आहे: 127 कॅच, 1,708 यार्ड, 17 टचडाउन. तिन्हींत लीगमध्ये पहिला. हा तिहेरी मुकुट सुपर बोल (लीगचा अंतिम सामना) सुरू झाल्यानंतरच्या काळात फक्त पाच जणांना मिळालाय: जेरी राइस, स्टर्लिंग शार्प, स्टीव्ह स्मिथ, कूपर कप आणि आता चेस. नोव्हेंबरात बाल्टिमोरविरुद्ध एकाच रात्री 11 कॅच, 264 यार्ड, तीन टचडाउन. त्यातले दोन 67 आणि 70 यार्डांचे. ते पळताना बघा. चेंडू हातात आल्यावर पहिला टॅकलर अंगावरून घसरतो, आणि मग मागून कुणीही गाठू शकत नाही. जेफरसन चेंडूपर्यंत सुंदर पोचतो, हे मान्य. चेसचं खरं काम चेंडू मिळाल्यानंतर सुरू होतं.

‘जो बरोसारखा क्वार्टरबॅक आहे म्हणून’ हे उत्तर येणारच, म्हणून आधीच सांगते. 2023 ला बरोच्या मनगटाला दुखापत झाली आणि जेक ब्राउनिंग खेळला. जॅक्सनव्हिलविरुद्ध चेसने त्याच्याच हातून 11 कॅच आणि 149 यार्ड काढले, आणि आम्ही ओव्हरटाइममध्ये जिंकलो. दुसरा फेकणारा चेसनेही पाहिलाय.

आणि प्लेऑफ, म्हणजे हंगामानंतरची बाद फेरी? चेसने पदार्पणाच्या हंगामातच 368 यार्ड काढून संघाला सुपर बोलपर्यंत नेलं. जेफरसनचे प्लेऑफचे सामने दोन, दोन्ही हरले, 47 आणि 58 यार्ड.

कराडचा पोल धरणारा

मी या खेळात नवखा आहे, भाचा अमेरिकेत असतो म्हणून दोन वर्षं रात्री जागून बघतो. आमच्याकडे खो-खोत मी बरीच वर्षं खेळलो आहे, त्यावरून एक गोष्ट लक्षात येते. क्रिकेटमध्ये फलंदाजाला चेंडू प्रतिस्पर्धी टाकतो. तो चांगला खेळला की वाईट, ते त्याच्या एकट्याच्या बॅटवर. या रिसीव्हरचं मात्र पाटीवर बसलेल्या आमच्या गड्यासारखं आहे. कितीही चपळ असो, मागून खो वेळेवर आला नाही तर तो जागचा हलू शकत नाही. खो उशिरा दिला तर पळणारा निसटतो, आणि बघणारे म्हणतात बसलेलाच मठ्ठ.

आमचे गुरुजी पाटीवरच्या पोराला जोखताना गडी किती बाद केले ते शेवटी बघायचे. आधी बघायचे, खो मिळाला त्या क्षणी त्याचा पाय कुठे होता. इथे तसं काही मोजतात का? मिनेसोटाकर म्हणतात तसं रिसीव्हर मोकळा होता पण चेंडू आला नाही, हे कोण लिहून ठेवतं?

डेट्रॉइटचा दिनू

कराडकर, लाखमोलाचं बोललात. आणि त्याच न्यायाने मी सेंट ब्राउनचं नाव पुढे करतो.

2024 ला त्याच्याकडे 141 वेळा चेंडू आला, 115 वेळा त्याने पकडला, 12 टचडाउन. दहातले आठ. तिसऱ्या डाउनला (प्रयत्नाला) सहा यार्ड हवेत आणि सगळ्या स्टेडियमला माहीत आहे चेंडू कुणाकडे जाणार, तरी तो मोकळा होतो. शिवाय तो ब्लॉक करतो, म्हणजे बचावपटूला अडवून धरतो, अगदी मनापासून. आमचा चेंडू घेऊन धावणारा गिब्ज बाहेरच्या बाजूने सुटतो तेव्हा समोरच्या सेफ्टीच्या छातीत खांदा घालून उभा असतो तो सेंट ब्राउन. त्याचा रकानाही कुठेच नाही, मिनेसोटाकर.

2021 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी नवे खेळाडू निवडताना, तो 112 वा गेला. त्याच्याआधी निवडल्या गेलेल्या सोळाच्या सोळा रिसीव्हरांची नावं त्याला आजही तोंडपाठ आहेत. त्या चिडीवर तो रोज सरावाला उतरतो. संघासाठी कोण जास्त उपयोगी, असा प्रश्न असेल तर माझा पहिला नंबर त्याचा. आणि 2024 च्या हंगामाचा शेवटचा सामना विसरू नका, विभागाचं विजेतेपद पणाला लागलेलं, आमच्याकडे, 31-9. जेफरसन तीन कॅच, 54 यार्ड.

फ्रिस्कोवाला

सीडी लॅमला विसरू नका एवढंच. 2023 ला 135 कॅच, 1,749 यार्ड. 2024 ला डॅलसचा क्वार्टरबॅक डॅक प्रेस्कॉट अर्ध्यातच जायबंदी झाला, म्हणून लोकांनी लॅमला खाली ढकललं. फेकणाऱ्याचा न्याय लावायचाच तर सगळ्यांना लावा.

मिनेसोटाकर

एकेक घेतो.

दिनूभाऊ, त्या 31-9 च्या रात्री डार्नॉल्डने 41 वेळा चेंडू फेकला आणि 18 वेळाच तो पोचला. 166 यार्ड, सगळ्या संघाचे मिळून. गोलरेषेजवळ आमचे गडी मोकळे असताना चेंडू डोक्यावरून गेले. ते बघताना मी अक्षरशः उठून उभा राहिलो होतो. त्यानंतरच्या प्लेऑफ सामन्यात रॅम्सने डार्नॉल्डला नऊ वेळा आडवा केला. रूट (रिसीव्हरची ठरलेली धाव) पुरा व्हायच्या आत क्वार्टरबॅक जमिनीवर पडला तर रिसीव्हर कुणाचा चेंडू पकडणार? वैदेहीताई, तुमच्या 58 यार्डांचं उत्तरही हेच आहे. 2022 च्या जायंट्सविरुद्धच्या 47 चं मात्र माझ्याकडे उत्तर नाही. त्या दिवशी त्याला रोखलं, ते मान्य.

सेंट ब्राउनचं ब्लॉकिंग वादातीत आहे. पण तो स्लॉटमधून, म्हणजे आतल्या जागेवरून, मधल्या पट्ट्यात राज्य करतो. बाहेर, बाउंडरीला लागून, समोरच्या संघाचा सर्वांत चांगला कॉर्नर अंगावर आणि सेफ्टी डोक्यावर असताना खोलवर जाणं, हे ओझं त्याच्यावर कमी वेळा येतं. फ्रिस्कोवाले, लॅमबद्दल तुमचं बरोबर आहे. माझ्या यादीत तो तिसरा आहे, चौथा नाही.

कराडकर, असं मोजणारे आहेत. प्रत्येक प्लेचं (चालीचं) चित्रण बघून रिसीव्हर कितपत मोकळा झाला याची नोंद ठेवणारे विश्लेषक आहेत, चेंडू पोचला त्या क्षणी जवळचा बचावपटू किती अंतरावर होता हेही मोजलं जातं. पण गुरुजींची नजर त्यात पुरती उतरत नाही, कारण एका माणसाने अंगावर घेतलेले दोघे बचावपटू कुणाच्या खात्यात टाकायचे हा प्रश्न उरतोच.

आता सगळ्यांना एक प्लेच दाखवतो. 13 नोव्हेंबर 2022, बफेलो. आम्ही मागे, घड्याळ पळतंय, चौथा डाउन आणि अजून 18 यार्ड हवेत. हुकलं की सामना संपला. कझिन्सने चेंडू अक्षरशः वर भिरकावला. बफेलोचा कॅम लुइस आधी वर उडाला, त्याचे दोन्ही हात चेंडूला लागले होते. जेफरसन मागून एका हाताने वर गेला, तो चेंडू त्याच्या हातांतून उपटला आणि पाठीवर पडताना छातीशी धरून ठेवला. 32 यार्ड. पुढे ओव्हरटाइममध्ये 33-30 ने जिंकलो. त्या फेकीत काहीही बरोबर नव्हतं. खो चुकीचा होता, तरी गडी बाद झाला. लीगमध्ये दुसरं कोण हे करतं, ते सांगा.

ओहायोची वैदेही

तो कॅच मी पण दहा वेळा पाहिलाय, त्याबद्दल वाद नाही. पण तुम्ही फेकणाऱ्याचा मुद्दा काढलात, तर मग दोघांना फेकणारा एकच होता ते वर्ष बघू या.

2019, एलएसयू, म्हणजे दोघांचं कॉलेज, लुइझियाना स्टेट. एकच संघ, एकच जो बरो, डावपेचांचं एकच प्लेबुक. जेफरसन 111 कॅच, 1,540 यार्ड, 18 टचडाउन. चेस 84 कॅच, 1,780 यार्ड, 20 टचडाउन. सत्तावीस कॅच कमी आणि 240 यार्ड जास्त! देशातल्या सर्वोत्तम कॉलेज रिसीव्हरचा पुरस्कारही चेसला. तुमची तक्रार आहे की तराजूची पारडी सारखी नाहीत. इथे ती सारखी होती.

मिनेसोटाकर

हा या धाग्यातला सर्वांत जड मुद्दा आहे, आणि मी त्यावर दोन दिवस विचार केला.

त्या वर्षी जेफरसन बहुतेक वेळ स्लॉटमध्ये होता, चेस बाहेर. आतल्याला छोटे, नेमके चेंडू मिळतात, बाहेरच्याला लांबचे. कॅच आणि यार्डांतली ती तफावत बरीचशी जागेची आहे. ओक्लाहोमाविरुद्धच्या उपांत्य सामन्यात जेफरसनने पहिल्या अर्ध्यातच चार टचडाउन केले होते. अंतिम सामन्यात क्लेमसनविरुद्ध चेसने 221 यार्ड काढले. मोठ्या सामन्यात दोघेही उभे राहिले.

स्लॉटचा तोच शिक्का पुढे जेफरसनला नडला. बाहेर टिकेल का, अशी शंका घेतली गेली आणि 2020 च्या ड्राफ्टमध्ये त्याच्याआधी चार रिसीव्हर गेले. एकविसाव्या निवडीत फिलाडेल्फियाने जेलन रेगरला घेतलं, बाविसाव्या निवडीत आम्ही याला. बाहेर टिकण्याचं उत्तर त्याने पहिल्याच वर्षी 1,400 यार्डांनी दिलं. त्याची वाढ एलएसयूनंतर झाली आहे, म्हणून 2019 चं पारडं आजच्या वजनाला लावता येत नाही.

पण एक गोष्ट तुमच्या बाजूने मान्य करतो. 2024 अखेर चेसचे 62 सामन्यांत 46 टचडाउन आहेत, जेफरसनचे 77 सामन्यांत 40. हा फरक फेकणाऱ्यावर ढकलून भागणार नाही, कारण 2022 ला कझिन्स पूर्ण हंगाम खेळला होता आणि 1,809 यार्डांत टचडाउन आठच होते. गोलरेषेजवळ आणि चेंडू हातात आल्यानंतरच्या पळण्यात चेस पुढे आहे. फक्त 2024 या एका हंगामाची यादी केली तर मीही पहिला चेसच लिहीन. पाच वर्षांची, कुठल्याही क्वार्टरबॅकबरोबर, दोघांच्या पहाऱ्यात, अशी यादी केली तर जेफरसन.

डेट्रॉइटचा दिनू

म्हणजे तुम्ही दोन याद्या केल्यात. मग 2025 ला तुमची परीक्षाच आहे. डार्नॉल्ड सिअ‍ॅटलला गेला. तुमचा नवा क्वार्टरबॅक जे. जे. मॅकार्थी गुडघ्याच्या शस्त्रक्रियेमुळे अख्खं 2024 बसून होता, 2025 च्या हंगामाआधी लीगमधला खरा सामना त्याने एकही खेळलेला नाही. त्याच्याबरोबर जेफरसन 1,500 च्या पुढे गेला तर मी माझी यादी बदलेन. इथेच येऊन लिहीन.

ओहायोची वैदेही

माझं मत चेसच. पण 21 सप्टेंबरला आमचे बेंगल्स तुमच्याकडे मिनियापोलिसला येताहेत. आम्ही नवराबायको गाडीने निघणार आहोत, तिकिटं वरच्या रांगेतलीच मिळालीत.

मिनेसोटाकर

वरचीच हवीत, ताई. आदल्या रात्री घरी उतरा, भाकरी-पिठलं तयार ठेवतो. आणि पहिल्या दोन ड्राइव्ह (आक्रमणाच्या पाळ्या) चेंडूकडे बघू नका. आमचा चेंडू असेल तेव्हा 18 नंबरच्या बाजूचा सेफ्टी कुठे उभा आहे ते बघा. तुमचा असेल तेव्हा मी चेसच्या, 1 नंबरच्या, बाजूचा बघतो.