योक ओढला तरी नाक उचललं नाही : फ्लाइट कंट्रोलमध्ये काय शोधायचं?

प्रश्न
बिझनेस जेटने व्ही-आर (नाक उचलायचा वेग) गाठला, योक (वैमानिकाच्या हातातला दांडा) पूर्ण मागे ओढला, तरी नाक जमिनीलाच. विमान धावपट्टी संपवून बाहेर गेलं. अवशेषांत योकपासून एलिव्हेटरपर्यंतची (नाक वर-खाली करणारी शेपटीवरची फळी) जोडणी अखंड मिळाली, तर कंट्रोलचा दोष नव्हता असं धरायचं का?

प्रतिसाद १
नाही. जोडणी अखंड असूनही जखडलेली असू शकते. बेडफर्ड, मॅसॅच्युसेट्स इथे 31 मे 2014 ला गल्फस्ट्रीम जी-फोरचं असंच झालं, सातही जण गेले. गस्ट लॉक लागलेलाच राहिला होता. उभ्या विमानाचे एलिव्हेटर, एलेरॉन (पंखांवरच्या फळ्या), रडर (उभ्या शेपटीवरची फळी) वाऱ्याने आपटू नयेत म्हणून तो असतो आणि इंजिन सुरू करण्याआधी काढायचा असतो. एकदा हायड्रॉलिक दाब आला की लॉकच्या हुकवर ताण बसतो. नंतर हँडल सरकवलं तरी हुक सुटेलच असं नाही. इंजिनं बंद करून दाब उतरवणं हाच मार्ग.

लॉक असताना थ्रॉटल (इंजिनाची ताकद वाढवणारा दांडा) 6 अंशांपुढे जाऊ नये असा अडसर अपेक्षित होता. चाचणीत तो त्याच्या तीन-चार पट पुढे गेला. म्हणून ‘थ्रॉटल पुढे गेला म्हणजे लॉक निघालेला असणार’ हा तर्क टिकत नाही.

प्रतिसाद २
मला सगळ्यात जास्त खुपतं ते टेक-ऑफआधीच्या कंट्रोल चेकचं. बेडफर्डच्या त्या वैमानिकांच्या आधीच्या 175 उड्डाणांपैकी 98 टक्के वेळा तो पूर्ण झालाच नव्हता. पूर्ण चेक म्हणजे योक पुढच्या टोकाला, मागच्या टोकाला, दोन्ही बाजूंना पूर्ण, पेडल शेवटपर्यंत. थोडंच हलवून पाहिलं तर लॉकमधली ढिलाईच हाताला लागते आणि कंट्रोल मोकळा वाटतो. जी-फोरमध्ये 60 नॉट्सला एलिव्हेटर मोकळा आहे का, हेही पाहायचं असतं. तिथे योक अडला तर थांबायला धावपट्टी भरपूर उरते.

पण हा चेकही सगळं पकडत नाही. यप्सिलँटी, मिशिगन, मार्च 2017 : एमडी-83 (प्रवासी जेट; बिझनेस जेट नव्हे, पण धडा तोच). उभं असताना वाऱ्याने उजवा एलिव्हेटर जखडला होता. त्या विमानात योक थेट एलिव्हेटर नव्हे, त्यावरचा छोटा टॅब हलवतो, त्यामुळे चेक ठीकच वाटला. व्ही-वननंतर (टेक-ऑफ सोडायचा ठरवता येतो तो शेवटचा वेग) टेक-ऑफ सोडला आणि 116 जण वाचले.

प्रतिसाद ३
कंट्रोलवर ठपका ठेवण्याआधी रेकॉर्डरमधल्या तीन रेषा एकावर एक ठेवा : योक, एलिव्हेटर, पुढच्या दिशेचा प्रवेग. योक आणि एलिव्हेटर दोन्ही अडलेले असतील तर लॉक किंवा जॅम. योक हलला, एलिव्हेटर नाही, तर मधली जोडणी. एलिव्हेटर पूर्ण वर गेला आणि तरी नाक उठलं नाही, तर ट्रिम (शेपटीची आधी ठरवलेली स्थिती) आणि वजनाचा समतोल बघा. टेटरबोरोला (न्यू जर्सी) फेब्रुवारी 2005 मध्ये चॅलेंजर या बिझनेस जेटचं गुरुत्वकेंद्र मर्यादेपुढे होतं. प्रवेग सुरुवातीपासूनच कमी दिसला तर ब्रेक. प्लेनव्हिल, कनेक्टिकट, सप्टेंबर 2021 : सायटेशन या बिझनेस जेटचा पार्किंग ब्रेक सुटलेला नव्हता. घासणारी चाकं नाक खाली दाबतात आणि एलिव्हेटर बरोबर असूनही पुरा पडत नाही. धावपट्टीवरच्या टायरच्या खुणा कुठून सुरू होतात, तेही मोजून घ्या.