उघडी चेन ही फॅशन, आणि तिची धुणीभांडी आपल्या गळ्यात

सांगलीकर_शंभरसीसी

गेल्या रविवारी आमचे चिरंजीव सकाळी साडेआठला अंगणात पाट टाकून बसले ते सव्वादहाला उठले. समोर नवी गाडी, शेजारी तीन बाजूंचे दात असलेला ब्रश, एक साफ करायचा स्प्रे, एक वंगणाचा स्प्रे, आणि टायरवर उडू नये म्हणून मागे धरायला मिक्सरच्या खोक्याचा पुठ्ठा. पोहे गार झाले. दर पाचशे किलोमीटरला हे करायचं म्हणे, पावसात भिजली तर त्याच्याही आधी.

माझी स्प्लेंडर २०११ ची. ब्याण्णव हजार झाले, तिसरा चेनसेट (चेन आणि तिची दोन दातेरी चाकं) चालू आहे. आजवर एकदाही गुडघे टेकून बसलेलो नाही. कारण साधं आहे, तिच्या चेनला खालून-वरून पत्र्याचं पूर्ण कव्हर आहे. आमच्या वडिलांच्या जावाला तर कव्हरच्या पुढे रबरी नळ्यासुद्धा होत्या, चेन कुठून दिसायचीच नाही. म्हणजे हा प्रश्न साठ वर्षांपूर्वी सुटलेला होता. मग गाडी 'स्पोर्टी' दिसावी म्हणून पत्रा काढला, आणि पत्र्याचं काम गिऱ्हाईकाच्या गुडघ्यांना लावलं. वर स्प्रे विकत घ्या. शंभरातले नव्वद लोक गाडी ऑफिस, शाळा आणि मंडई एवढीच चालवतात. त्यांना उघडी चेन कशाला हवी, हे कुणीतरी मला पटवून द्या.

घाटमाथा

काका, अर्धी गोष्ट सांगितलीत. उघड्या चेनच्या गाडीची चेनच बऱ्याचदा वेगळी असते.

साध्या चेनमध्ये पिन आणि बुश (पिनेभोवतीची बारीक नळी) यांच्यामध्ये जे वंगण जातं ते बाहेरून. ओ-रिंगच्या चेनमध्ये प्रत्येक पिनेच्या दोन्ही टोकांना, पट्ट्यांच्या मध्ये, रबराची बारीक कडी असते आणि कारखान्यातच भरलेलं ग्रीस तिच्याआड बंद राहतं. झिजायची खरी जागा ती आतली. म्हणून आपण बाहेरून जे लावतो ते रोलर आणि स्प्रॉकेटसाठी (म्हणजे दातेरी चाकांसाठी), गंज धरू नये म्हणून आणि ती रबरं सुकू नयेत म्हणून. पल्सर १५० ला कव्हर होतं आणि २२० ला उघडी चेन दिली ती ओ-रिंगची, ते उगाच नाही.

आणि पावणेदोन तास? चिरंजीव नवीन आहेत, हौस आहे. मला वीस मिनिटं लागतात. गाडी फिरवून आणायची म्हणजे चेन कोमट होते. डबल स्टँडवर लावून चाक हाताने फिरवत रॉकेलचा मऊ ब्रश, मग कोरडं फडकं. मग नव्वद नंबरचं गिअर ऑइल, खालच्या पट्टीच्या आतल्या बाजूला, थेंब-थेंब. चेन फिरली की ते आपोआप बाहेरच्या बाजूला फेकलं जातं, त्यामुळे आतून लावलेलं सगळीकडे पोचतं. जास्तीचं पुसायचं आणि रात्रभर गाडी उभी ठेवायची. स्प्रे लागतोच असं नाही. बऱ्याच गाड्यांच्या माहितीपुस्तकात हेच गिअर ऑइल लिहिलेलं असतं.

पेट्रोल मात्र नको. त्याने रबर बिघडतं. तारेचा ब्रशही नको.

सांगलीकर_शंभरसीसी

वीस मिनिटं गुणिले वर्षाचे पंचवीस रविवार. शिवाय रॉकेल कुठून आणू? रेशनवरचं आमच्याकडे बंद होऊन जमाना झाला.

लाल_माती

मी रत्नागिरीकडचा. माझ्याकडेही कव्हरवाली गाडी होती, म्हणून कव्हराची आरती इथे ऐकवत नाही. पावसाळ्यात चार महिने आमच्या रस्त्याची लाल माती पाण्याबरोबर कुठून आत जाते देव जाणे, पण जाते. आणि गेली की बाहेर यायला वाट नाही. दसऱ्याला गाडी धुताना कव्हर खोललं तर खालच्या अर्ध्या पत्र्यात जांभ्याची विटच बसलेली, चेनने मधून आपली चाकोरी कोरून काढलेली. उघडी असती तर पहिल्याच आठवड्यात दिसलं असतं आणि बादलीभर पाण्याने गेलंही असतं.

आता उघड्या चेनची गाडी आहे. घासलेट मिळालं नाही तर डिझेल वापरतो, नंतर लगेच पुसून टाकतो. समुद्राकाठी दोन दिवस लक्ष दिलं नाही तर पट्ट्यांवर तांबूस पावडर येते. पण दिसते, हा मुद्दा आहे.

पाना_नं_चौदा

लातूर भागात बावीस वर्षं गॅरेज चालवतो, दोन्ही बाजूंना थोडं थोडं ऐकवतो.

कव्हरवाली गाडी येते तेव्हा नव्वद टक्के वेळा चेन ठणठणीत कोरडी असते. कव्हरला एक रबरी बूच असतं, ते काढून ताण बघायचा असतो. ते बूच कंपनीतून आलं तसंच चिकटलेलं असतं. मालकाला वाटतं पत्रा आहे म्हणजे काळजी नाही. पत्रा धूळ अडवतो हो, पण तेल घालत नाही. कव्हर काढायचं म्हणजे बोल्ट खोला, वरचा-खालचा भाग वेगळा करा, त्याची मजुरी निघते, म्हणून गिऱ्हाईकच म्हणतं 'राहू द्या, पुढच्या वेळी'.

आणि आमच्या धंद्याचंही सांगतो. इंजिनातून काढलेलं काळं ऑइल त्याच बुचातून चेनवर ओतायची पद्धत होती, अजून आहे. मीही वर्षानुवर्षं ओतलंय. फुकटचं, चेन लगेच गप्प होते, गिऱ्हाईक खूश. पण ते पातळ झालेलं असतं, इंजिनाची सगळी काजळी आणि बारीक लोखंड त्यात असतं. आठ दिवसांत उडून जातं आणि मागे राहतो तो काळा लगदा, घासायच्या पेस्टसारखा. ज्याने चेन वाचायची तोच तिला खातो. आता मी करत नाही.

एक गैरसमजही आहे. लोक म्हणतात चेन 'ताणली गेली'. पट्टी ताणत नाही, पिन आणि बुश झिजतात. शंभर पिना धरा, प्रत्येक जागी केसाएवढं, ०.१ मिलिमीटर झिजलं, तर चेन दहा मिलिमीटरने लांब होते. मग सॉकेटचे दात (हो, गॅरेजात आम्ही सॉकेटच म्हणतो, स्प्रॉकेट तुम्ही म्हणा) आकड्यासारखे वाकडे होतात, आणि नुसती चेन बदलून भागत नाही, सगळा सेट जातो. मागच्या सॉकेटच्या पार मागच्या टोकाला चेन बोटाने मागे ओढा. निम्म्याहून जास्त दात दिसला तर खर्चाची तयारी ठेवा.

मागची_सीट

इतक्या पुरुषांनी इतकं लिहिलं आणि मागे बसणाऱ्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही, म्हणून लिहिते.

बहुतेक गाड्यांना चेन डावीकडे असते. आपल्याकडे एका बाजूला पाय सोडून बसणाऱ्या बायका कुठल्या बाजूला बसतात? डावीकडेच. मोटार वाहन नियमांतला १२३ वा नियम मागच्या चाकाचा निदान निम्मा भाग झाकणारं, कपडे अडकणार नाहीत असं संरक्षण मागतो, म्हणून ती साडी गार्डची जाळी येते. नवी गाडी घरी आली की आठवड्यात तीच जाळी पहिली काढली जाते, कारण लूक जातो. माझी ओढणी कॉलेजात असताना भावाच्या गाडीच्या चेनमध्ये गेली होती. गाडी हळू होती आणि ओढणी जुनी, कापड फाटलं म्हणून मान वाचली. गळ्यावरचा लाल पट्टा पंधरा दिवस होता. ओढणी सोडवायला भावाला अर्धा तास लागला, आणि सोडवताना तो वैतागला कशाने, तर चेनच्या ग्रीसने त्याचे हात काळे झाले म्हणून.

त्यामुळे मी काकांच्या बाजूने. कारण वेगळं आहे, पण पत्रा हवाच.

घाटमाथा

ताई, हे मान्य. खरंच डोक्यात आलं नव्हतं. पण त्याला वरून पट्टी आणि नीट जाळी पुरते, खालून-वरून डबा करायची गरज नाही.

मागची_सीट

तुमच्या गाडीला जाळी आहे का सध्या?

घाटमाथा

…माळ्यावर आहे.

सलाईन_राव

माझा उपाय कुणी हसू नका. मेडिकलमधून सलाईनची नळी आणली, सीटखाली तेलाची छोटी बाटली, नळीचं टोक मागच्या स्प्रॉकेटजवळ बांधलं. नळीवरची चाकाची कळ थोडी सोडायची, मिनिटाला एक-दोन थेंब. परदेशात याच तत्त्वावरचं तयार यंत्र मिळतं, भरपूर पैशांना. माझं दीडशे रुपयांत झालं.

लाल_माती

आणि कळ बंद करायला विसरलात की?

सलाईन_राव

तर सोसायटीच्या पार्किंगमध्ये सेक्रेटरींची नोटीस लागते. दोनदा लागली आहे. शिवाय एकदा मागच्या टायरवर गेलं आणि वळणावर गाडी घसरली, ते बायकोला माहीत नाही.

नऊ_बोटं

एरवी मी फक्त वाचतो. घाटमाथा यांनी 'चाक हाताने फिरवत' असं लिहिलंय, ते तीन शब्द लोक वाचून सोडून देतील म्हणून सांगतो.

२०१४ साली मी गाडी डबल स्टँडवर घेतली, चालू केली, पहिला गिअर टाकला आणि फिरत्या चेनवर फडकं धरलं. सगळे असंच करायचे, व्हिडिओतही दाखवायचे, काम झटपट होतं. ॲक्सिलरेटरला हात नव्हता. पण नुसत्या आयडलिंगलाही चेन सेकंदाला जवळजवळ अर्धा मीटर सरकते. फडक्याचा एक दोरा पकडला गेला. माझा हात स्प्रॉकेटपासून वीतभर लांब होता. वीतभर जायला किती वेळ लागला असेल ते तुम्हीच काढा. मला आठवतं ते एवढंच, की इंजिन बंदही पडलं नाही, आवाजसुद्धा बदलला नाही.

डाव्या तर्जनीचं पहिलं पेर नाही. इंजिन बंद, किल्ली खिशात, चाक हाताने. उघडी चेन की झाकलेली यात मला रस नाही.

सांगलीकर_शंभरसीसी

नऊ बोटं, तुमचं लिहिलेलं चिरंजीवांना मोठ्याने वाचून दाखवलं. ते गिअर टाकूनच करत होते. आजपासून बंद.

पाना_नं_चौदा

माझ्या गॅरेजात एक पोरगं असंच गेलं होतं, करंगळीवर निभावलं. तेव्हापासून भिंतीवर पाटी आहे. तरी गिऱ्हाईकं म्हणतात 'चालू करून मारा की पटकन'.

काका, तुमच्या स्प्लेंडरचं बूच शेवटचं कधी काढलंत? खरं सांगा.

सांगलीकर_शंभरसीसी

(चार दिवसांनी.) खरं सांगायचं तर कधीच नाही. म्हणून काल कव्हर उतरवलं. चिरंजीव पाना घेऊन मदतीला होते आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद मला अजिबात आवडला नाही.

आत काय होतं ते लिहितो. धूळ जवळजवळ नाही, हे आधी नोंदवा. पण चेन चार बोटं लोंबत होती आणि खालच्या पत्र्याला आतून घासत होती. पत्र्यावर नवीन रुपयासारखी चकचकीत लांब रेघ पडलेली. गेले वर्षभर खड्ड्यात गाडी गेली की 'कर्र' असा आवाज यायचा, तो मी मागच्या शॉकॲबचा समजत होतो आणि त्यावर नऊशे रुपये घालवून बसलो आहे. वंगण म्हणाल तर पट्ट्यांच्या कडेला काळी खपली आणि मध्ये लोखंड कोरडं. दात मागून निम्मा दिसतोय. म्हणजे चौथा सेट.

तरी माझं मत तेच आहे. पत्रा हवा. फक्त त्याला बोटभर बूच न ठेवता सरकणारी झडप ठेवा, डब्याला असते तशी, म्हणजे मजुरी न देता माणूस आत बघेल. एवढं ज्यांना जमत नाही त्यांनी मला एरोडायनॅमिक्स शिकवू नये.

घाटमाथा

झडपेला माझा पाठिंबा. पण तुम्ही त्यातून रोज बघाल, हे मला पटत नाही.

सांगलीकर_शंभरसीसी

रोज नाही. महिन्यातून एकदा. गाडीवर बसूनच.

पाना_नं_चौदा

कव्हर अजून उतरलेलंच असेल तर एक बघा. चेनलॉकची (चेनची दोन टोकं जोडणाऱ्या कडीची) क्लिप कुठल्या तोंडाला आहे? चेन ज्या दिशेला जाते तिकडे बंद बाजू हवी, फट मागे. उलटी असली आणि पत्र्याला घासत राहिली तर निघून पडते, आणि कव्हरच्या आत चेन तुटली की चाक जाम होतं.

सांगलीकर_शंभरसीसी

थांबा, बॅटरी घेऊन बघतो.

उलटी आहे.