लॅपटॉप फॉरमॅट मारताना जीपीटी की एमबीआर, यूईएफआय की लेगसी? आपापले अनुभव लिहा

धागाकर्ता, फोंडा

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि तेव्हापासून आमच्या वाड्यावर कोणीही भेटलं की हाच विषय, लॅपटॉप जुना आहे पण चालतो चांगला, टाकून देववत नाही, मग विंडोज ११ घालू की लिनक्स घालू. आणि घालायला बसलं की लगेच समोर येतं ते हेच, डिस्क एमबीआर ठेवायची की जीपीटी करायची (डिस्कचे भाग, म्हणजे पार्टिशन, नोंदवायच्या या दोन पद्धती, पहिली जुनी, दुसरी नवी), मशीन लेगसीत चालू करायचं की यूईएफआयमध्ये (बायोस, म्हणजे मशीन चालू झाल्यावर विंडोज उठवणारा आतला प्रोग्राम, त्याची जुनी आणि नवी तऱ्हा).

माझं मत आधीच सांगून टाकतो. विंडोजपुरते हे दोन प्रश्न नाहीतच, एकच आहे. विंडोज यूईएफआयमध्ये बूट करायचं तर डिस्क जीपीटीच लागते आणि लेगसीत करायचं तर एमबीआरच, जोडी मोडली की अडलं. आणि मशीनमध्ये यूईएफआय असेल तर सरळ जीपीटी घ्यावी. एमबीआर ही १९८३ ची, डॉस २.० च्या वेळची व्यवस्था, डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांत सगळं बसवलेलं, त्यातले ४४६ बाइट बूटच्या कोडला, ६४ बाइट पार्टिशनच्या यादीला, म्हणून चारच प्रायमरी पार्टिशन. जीपीटीत विंडोज १२८ पर्यंत देतं. विंडोज ११ च्या अधिकृत अटींत तर यूईएफआय, सिक्युअर बूट (सही असलेलाच बूट कोड चालू देणारी सोय) आणि टीपीएम २.० (किल्ल्या जपणारी सुरक्षा चिप) आहेतच.

लिहिताना लॅपटॉप साधारण कुठल्या सालचा, आधी काय होतं, काय निवडलं आणि का, एवढं जरूर लिहा. कोणी चुकीचा सल्ला दिला असेल तर दुकानाचं नाव नको, सल्ला काय होता तो लिहा, म्हणजे बाकीचे सावध होतील.

डिचोली, रिपेरिंगचं दुकान

फॉरमॅटसाठी येणारे बरेच जण घरी करून बघून अडकलेले असतात आणि अडकायची जागा ठरलेली. सेटअप पार्टिशनच्या पानापर्यंत जातं आणि खाली पिवळ्या त्रिकोणाबरोबर ओळ येते, या डिस्कवर विंडोज टाकता येत नाही, डिस्क जीपीटी स्टाइलची आहे. किंवा उलट, एमबीआर आहे म्हणून. माणसाला वाटतं हार्ड डिस्क गेली. ती ठणठणीत असते हो, पेनड्राइव्ह ज्या मोडमध्ये चालू झाला त्याच मोडमध्ये सेटअप चालतं, भानगड एवढीच. बूट मेन्यू काढायचा (डेलला एफ१२, एचपीला एफ९) आणि नीट बघायचं, दोन्ही मोड चालू असलेल्या मशीनवर एकच पेनड्राइव्ह दोनदा दिसतो, एकदा नुसतं कंपनीचं नाव आणि एकदा त्याच नावाच्या आधी यूईएफआय आणि दोन टिंबं. बोट सवयीने पहिल्यावर जातं. डिस्क जीपीटी असेल तर दुसरं घ्या, काही पुसायची गरज नाही.

हे ठासून सांगतोय कारण एका गिऱ्हाइकाला कोणीतरी फोनवर सांगितलं, डिस्कपार्ट (विंडोजचं पार्टिशनचं कमांड टूल) उघड, क्लीन मार, कन्व्हर्ट एमबीआर कर. क्लीन म्हणजे अख्खी डिस्क जाते, नुसता सी ड्राइव्ह नव्हे. डी मध्ये मुलीच्या बारशाचे फोटो होते. त्यावर नवीन काही लिहिलेलं नव्हतं म्हणून टेस्टडिस्क हे हरवलेली पार्टिशन शोधणारं टूल लावून पार्टिशन परत मिळालं, नाहीतर त्या घरात काय झालं असतं ते मला सांगायला नको.

रुफसने (बूट होणारा पेनड्राइव्ह बनवायचा प्रोग्राम) पेनड्राइव्ह बनवताना पार्टिशन स्कीम जीपीटी निवडली की खाली टार्गेट सिस्टीम आपोआप यूईएफआय होते, तशीच राहू द्या. विंडोजची मोठी फाइल ४ जीबीच्या वर गेली की एफएटी३२ फॉरमॅटवर मावत नाही, मग रुफस पेनड्राइव्ह एनटीएफएस फॉरमॅटचा करतो आणि शेवटी एक छोटं पार्टिशन जोडतो. ते बघून घाबरू नका, बूट त्याच्यावरूनच होतं.

म्हापसा, अकाउंट्सचं काम

आमच्या ऑफिसात २०१६ च्या आसपासचे लॅपटॉप, आय५, एसएसडी नंतर घातलेली, सगळ्यांवर विंडोज १० लेगसीत आणि डिस्क एमबीआर, कारण घालून देणाऱ्याने तसंच घातलं होतं. मशीनला यूईएफआय पहिल्यापासून होतं. टॅली, डिजिटल सहीचे ड्रायव्हर, प्रिंटर, सगळं परत बसवायचं म्हणजे दोन दिवस काम ठप्प आणि जीएसटीची तारीख काही थांबत नाही, म्हणून नवीन न घालता आहे तेच बदलायचं ठरवलं.

मायक्रोसॉफ्टचं एमबीआर२जीपीटी नावाचं टूल विंडोज १० मध्येच आहे, २०१७ च्या १७०३ आवृत्तीपासून, वेगळं उतरवावं लागत नाही. आधी बॅकअप बाहेरच्या डिस्कवर, मग ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये आधी व्हॅलिडेट चालवायचं, त्यात काहीही बदलत नाही, फक्त जमेल की नाही ते सांगतं. एका लॅपटॉपवर तिथेच नाही म्हणालं. कारण डिस्क मॅनेजमेंटमध्ये दिसलं, प्रायमरी पार्टिशन चार होती आणि हे टूल जास्तीत जास्त तीन घेतं, एक्स्टेंडेड आणि लॉजिकल तर चालतच नाहीत. चौथं होतं कंपनीचं जुनं रिकव्हरी, विंडोज ८ च्या काळातलं, कोणाच्या उपयोगाचं नाही. ते काढलं, परत व्हॅलिडेट, मग कन्व्हर्ट, आणि चहा संपायच्या आत झालं. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला कुलूप घालणारं एन्क्रिप्शन) चालू असेल तर आधी सस्पेंड करा.

आणि हे विसरू नका, कन्व्हर्ट झाल्यावर पहिल्याच रीस्टार्टला बायोसमध्ये जाऊन लेगसीचं यूईएफआय करावं लागतं. ते तसंच राहिलं तर विंडोज उठणार नाही आणि वाटेल टूलने वाट लावली. एमएसइन्फो३२ (मशीनची माहिती दाखवणारी विंडोजची खिडकी) उघडून बायोस मोडसमोर यूईएफआय दिसलं की जिंकलं.

केपे, शाळेत शिकवते

सगळेच जीपीटी जीपीटी म्हणतायत म्हणून दुसरी बाजू. शाळेला देणगीत मिळालेले लॅपटॉप २०१० च्या आसपासचे, त्यांत यूईएफआय नाहीच, बायोसच्या मेन्यूत तो पर्यायच नाही. अशा मशीनला एमबीआर आणि लेगसी, हलकं लिनक्स, मुलं मराठी टायपिंग आणि जिओजेब्रा शिकतात, छान चाललंय. ३२० जीबीच्या डिस्कला एमबीआरने काहीही बिघडत नाही. ज्याला यूईएफआय नाही त्याला जबरदस्ती करून वेळ घालवू नका, तो वेळ मुलांना द्या.

लिनक्सवाल्यांसाठी एक. लेगसी बायोसवर जीपीटी डिस्कवरून लिनक्स बूट होतं, विंडोज होत नाही. फक्त ग्रबसाठी (लिनक्स उठवणारा प्रोग्राम) १ एमबीचं बायोस बूट पार्टिशन वेगळं ठेवावं लागतं, फॉरमॅट न केलेलं.

फार्मागुढी, इंजिनिअरिंगचा विद्यार्थी

ड्युअल बूट, म्हणजे एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही. २०२१ चा लेनोवो, जीपीटी, यूईएफआय, आधी विंडोज ११ आणि मग फेडोरा लिनक्स. सिनियर लोक सांगायचे की विंडोज परत घातलं की लिनक्सचं ग्रब उडतं, ते लेगसीच्या काळातलं खरं आहे कारण तिथे डिस्कच्या पहिल्या सेक्टरवर एकाचाच बूट कोड राहू शकतो, मागून येणारा आधीच्याला पुसतो. यूईएफआयमध्ये एक एफएटी३२ चं छोटं पार्टिशन असतं, ईएफआय सिस्टीम पार्टिशन, त्यात मायक्रोसॉफ्टचं फोल्डर वेगळं, फेडोराचं वेगळं, एका ओसरीवर दोन बिऱ्हाडं गुण्यागोविंदाने राहतात. एका अपडेटनंतर लॅपटॉप थेट विंडोजमध्ये जायला लागला तेव्हा ग्रब जागेवरच होतं, फक्त क्रम बदलला होता, लाइव्ह पेनड्राइव्हवरून ईएफआयबूटएमजीआर ही कमांड चालवून क्रम परत लावला.

विंडोज स्वतः हे पार्टिशन साधारण १०० एमबीचं करतं. ग्रबला तेवढं पुरतं, पण ग्रबऐवजी सिस्टमडी-बूट वापरणार असाल तर लिनक्सचे कर्नल (त्याचा मुख्य गाभा) पण त्यातच जातात आणि ते भरतं, त्यामुळे कोऱ्या डिस्कवर सुरुवात करत असाल तर आधीच ५०० एमबी ते १ जीबी ठेवा, नंतर वाढवणं फार कटकटीचं आहे कारण मागे लगेच दुसरं पार्टिशन चिकटलेलं असतं. विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद करा, नाहीतर लिनक्समधून सी ड्राइव्हवर लिहिता येत नाही.

साखळी, आरत्या-भजनांचं रेकॉर्डिंग करतो

माझा अनुभव बूटचा नाही पण डिस्कचा आहे, चालेल ना? चतुर्थीत गावोगावच्या घुमट आरत्या (घुमट या मातीच्या वाद्यावरच्या) रेकॉर्ड करतो, फाइली मोठ्या, म्हणून ४ टीबीची डिस्क घेतली. लॅपटॉपला लावली, विचारलं एमबीआर की जीपीटी, भाच्याने एमबीआर केली. दिसायला लागली २०४८ जीबी, उरलेली साधारण १६७८ जीबी काळ्या पट्ट्यात, तिच्यावर उजवं क्लिक केलं तरी काही करता येईना. दुकानदार म्हणाला डिस्क डुप्लिकेट आहे. डिस्क अस्सल होती. एमबीआर ३२ बिटांत सेक्टर मोजते, ५१२ बाइटांच्या सेक्टरने २ टीबीच्या पुढे तिला पत्ताच लिहिता येत नाही. डिस्क रिकामी असेतोवर जीपीटी करून घेतली, पूर्ण ३.६३ टीबी मिळाली. भरल्यावर कळलं असतं तर सगळं आधी दुसरीकडे हलवावं लागलं असतं, कारण विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये ते कन्व्हर्ट रिकाम्या डिस्कवरच होतं.

एकच अडचण, घरच्या जुन्या टीव्हीला जीपीटी डिस्क दिसत नाही. टीव्हीसाठी पेनड्राइव्ह वेगळा ठेवलाय.

काणकोण

पावसात आमच्याकडे वीज दिवसातून कितीदा जाईल नेम नाही, आणि बॅटरी मेलेला लॅपटॉप म्हणजे प्लग निघाला की बंद. शेजारच्या दादाच्या तशाच लॅपटॉपवर पार्टिशन बदलताना वीज गेली आणि नंतर डिस्क कोरी दिसायला लागली. जीपीटीच्या यादीची एक नक्कल डिस्कच्या अगदी शेवटी असते आणि दोन्हीकडे चेकसम असतो, म्हणजे कुठली बिघडली ते कळतं. जीडिस्क या टूलने शेवटची नक्कल वाचून पुढची परत बांधली, पार्टिशनं जशीच्या तशी. साध्या एमबीआरला अशी नक्कल नसते. माझ्यासाठी जीपीटी घ्यायला हे एक कारण पुरे. तरी पार्टिशनचं काम पावसात यूपीएस असल्याशिवाय करू नये असंच मी सगळ्यांना सांगतो.

पेडणे

सगळ्यांनी मनापासून लिहिलंय, देव बरें करूं. मुलगा बारावी झाला, पुण्याला जातोय, त्याला नवीन लॅपटॉप घेतला, स्वस्त पडतो म्हणून विंडोज नसलेला. घालून द्यायला ओळखीचा एकजण येणार आहे, तो म्हणतो सिक्युअर बूट बंद करून लेगसी करतो म्हणजे त्रास नाही. करू देऊ का?

धागाकर्ता, फोंडा

नको ताई, अजिबात करू देऊ नका. नवीन लॅपटॉपवर बहुधा लेगसी हा पर्यायच नसेल, इंटेलने २०२० पर्यंत तो बंद करायचं २०१७ मध्येच सांगितलं होतं, आणि असला तरी त्यातून मुलाला मिळणार काहीच नाही. बायोसमध्ये यूईएफआय आणि सिक्युअर बूट आहे तसंच ठेवायला सांगा. सेटअपमध्ये आतली डिस्क दिसलीच नाही तर ती खराब नसते, इंटेलच्या बऱ्याच लॅपटॉपना व्हीएमडीचा (इंटेलची डिस्क सांभाळणारी सोय) ड्रायव्हर पेनड्राइव्हवरून द्यावा लागतो, तो कंपनीच्या साइटवरून आधीच उतरवून ठेवायला सांगा. डिस्क पूर्ण रिकामी करून नुसतं नेक्स्ट दाबलं की विंडोज स्वतः जीपीटी करतं, पार्टिशनं पण स्वतः पाडतं.

आणि मुलगा निघायच्या आधी एक काम करा. विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन केलं की एन्क्रिप्शन बहुतेक आपोआप चालू होतं, मग पुढे कोणी बायोसमध्ये काही बदललं तर ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. ती खात्यात जाऊन बघा, कागदावर उतरवा, एक कागद त्याच्याकडे आणि एक तुमच्याकडे. तो येणारा माणूस त्याच्या स्वतःच्या खात्याने लॉगिन करून देत नाहीये ना, ते पण बघा.