शब्दचर्चा : ‘ओताकू’, ‘नर्ड’ आणि अ‍ॅनिमेचा नाद

करवीरकर
मी एका जपानी कथेचं मराठी भाषांतर करतोय. त्यातल्या ‘ओताकू’ला, म्हणजे एखाद्या छंदात, बहुधा अ‍ॅनिमेत (जपानी कार्टून मालिका-सिनेमांत), पार बुडालेल्या माणसाला मराठी शब्द हवा आहे. प्रसंग असा : शाळेचा पहिला दिवस, नवा मुलगा वर्गापुढं उभा राहून ओळख करून देतो, ‘मी ओताकू आहे’ म्हणतो आणि सगळा वर्ग गप्प होतो. इंग्रजी उपशीर्षकात तिथं ‘नर्ड’ टाकलंय. मराठीत ‘पुस्तकी किडा’ बसत नाही, कारण हा मुलगा अभ्यासाच्या पुस्तकाला हात लावत नाही. ‘स्कॉलर’ तर उलटंच होईल. दुसरा प्रश्न याला जोडूनच विचारतो. ज्यांना नर्ड म्हणतात त्यांनाच अ‍ॅनिमे एवढं का धरून ठेवतं? त्याचं उत्तर मिळालं तर शब्दही मिळेल असं वाटतं.

शब्दपारखी
आधी मूळ बघू. जपानीत ‘ताकु’ म्हणजे घर. त्याला आदराचा ‘ओ’ लागला की ‘ओताकु’, म्हणजे ‘आपलं घर’, आणि त्यावरून ‘आपण’, समोरच्याला अंतर राखून केलेलं संबोधन. आपल्याकडंही बायकोला ‘घरातून’, ‘कुटुंब’, ‘मंडळी’ म्हणायची रीत होतीच, त्यामुळं घराचा शब्द माणसाला लागणं मराठी कानाला नवीन नाही.

१९८२ च्या माक्रोस या अ‍ॅनिमे मालिकेतली पात्रं एकमेकांना ‘ओताकु’ म्हणतात. चाहत्यांतही हे संबोधन चालायचं. दोन पोरं पहिल्यांदा भेटली की ‘तू’ऐवजी ‘आपण’. १९८३ साली लेखक अकिओ नाकामोरी यांनी मांगा बुरिक्को या मासिकातल्या सदरात नेमकं हेच संबोधन उचललं आणि त्या मंडळींचं नावच ‘ओताकु’ ठेवलं. नाव हिणवायलाच ठेवलेलं होतं. १९८९ साली लहान मुलींच्या खुनांच्या प्रकरणात पकडलेल्या माणसाच्या खोलीत हजारो व्हिडिओ कॅसेट सापडल्या, वर्तमानपत्रांनी त्याला हा शब्द लावला आणि पुढची कित्येक वर्षं तो तोंडावर उच्चारायची चोरी झाली. १९९० च्या दशकात लेखक तोशिओ ओकादा यांनी उलट बाजू मांडली : ओताकू म्हणजे तयार नजरेचा प्रेक्षक. आज जपानात लोक स्वतःहून ‘मी अमक्याचा ओताकू’ म्हणतात, आणि ते अमकं अ‍ॅनिमेच असेल असंही नाही. रेल्वेचे ओताकू आहेत, त्यात फोटो काढणारे ‘तोरितेत्सु’ आणि नुसते प्रवास करणारे ‘नोरितेत्सु’ अशा पोटजाती आहेत.

म्हणून करवीरकर, तुमची कथा कोणत्या सालची आहे ते आधी बघा. १९९० च्या आसपासची असेल तर वर्ग दचकून गप्प होतो. २०२० ची असेल तर नुसता अवघडतो.

‘नर्ड’ वेगळ्या वाटेनं आला. छापील रूपात तो १९५० साली डॉ. स्यूस यांच्या बालपुस्तकात एका काल्पनिक प्राण्याचं नाव म्हणून दिसतो. पुढच्याच वर्षी न्यूजवीकनं डेट्रॉइटच्या पोरांच्या बोलीतला शब्द म्हणून नोंदवला, अर्थ ‘बावळट, मागासलेला’. त्यात छंदाचा काही संबंधच नव्हता, तो नंतर चिकटला. म्हणजे ‘नर्ड’ म्हणजे लोकांना माणूस कसा दिसतो ते, आणि ‘ओताकू’ला मात्र ‘कशाचा?’ असा प्रश्न विचारता येतो. भाषांतरात हा फरक पहिला सांभाळा.

राजारामपुरी ११वी गल्ली
कोल्हापुरात राहून शब्द शोधताय होय भावा? ‘नादखुळा’! विषय संपला.

शब्दपारखी
संपला नाही. ‘नादखुळा’ आज आपल्याकडं विशेषण म्हणून जास्त चालतो. ‘नादखुळा रस्सा’, ‘नादखुळा गोल’, अर्थ एकदम भारी. ‘नादखुळा अ‍ॅनिमे’ म्हटलं की ऐकणारा ती मालिका भारी आहे असंच समजणार, बघणाऱ्याबद्दल काही कळणार नाही. शिवाय तो शाबासकीचा शब्द. तो ऐकून कुठला वर्ग गप्प बसतोय? बाकीचे पर्याय : ‘छांदिष्ट’मध्ये लहरीपणा येतो. ‘व्यासंगी’ फार वजनदार. ‘शौकीन’ला पैसे सोडून मजा घेण्याची छटा आहे, पण कुस्तीशौकीन हा शब्द आपल्या पेपरात रुळलेला आहे, तो विचारात घ्यावा.

फ्रेममोजणी
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो, तिथूनच शब्दाकडं येता येईल.

खासबागेत कुस्ती बघणारे दोन तऱ्हेचे असतात. एकाला कोण जिंकला ते कळतं. दुसऱ्याला कळतं की घिस्सा कुठं बसला, खालच्यानं मान कधी सोडली आणि पंचाचा हात वर जायच्या आधीच कुस्ती कुठं संपली होती. अ‍ॅनिमे दुसऱ्या तऱ्हेच्या बघणाऱ्याला भरभरून देतो. जितकं लक्ष द्याल तितकं परत मिळतं, आणि असं परत मिळायची आस ज्याला आहे त्यालाच लोक नर्ड म्हणतात.

एक गोष्ट हातानं करून बघा. मालिकेचा भाग संगणकावर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये उघडा, पळापळीच्या किंवा मारामारीच्या प्रसंगावर थांबवा आणि ‘ई’ अक्षराचं बटण दाबत एकेक फ्रेम पुढं जा. यूट्यूबवर असाल तर व्हिडिओ थांबवून पूर्णविरामाचं बटण. पात्राच्या मनगटाची किंवा हनुवटीची रेघ धरून ठेवा आणि ती किती दाबांनी बदलते ते मोजा. सेकंदाला २४ फ्रेम असतात. प्रत्येक दाबाला रेघ बदलली तर सेकंदाला २४ चित्रं, याला ‘एकावर’ म्हणतात. दोन दाबांनी बदलली तर ‘दोनावर’, १२ चित्रं. तीन दाबांनी बदलली तर ‘तिनावर’, म्हणजे ८. टीव्ही अ‍ॅनिमेचा मोठा भाग तिनावर चालतो. ही काटकसर १ जानेवारी १९६३ ला सुरू झालेल्या ओसामु तेझुका यांच्या ‘तेत्सुवान आतोमु’ (इंग्रजीत ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’) या मालिकेपासून रुळली. दर आठवड्याला अर्ध्या तासाचा भाग द्यायचा आणि पैसे तुटपुंजे, मग स्थिर चित्रावरून कॅमेरा फिरवायचा, तीच हालचाल परत वापरायची, बोलताना फक्त ओठ हलवायचे : बंद, अर्धे, उघडे, तीन चित्रांत काम भागतं.

मोजताना हमखास चुकतं ते इथं. एक, पार्श्वभूमी सरकत असेल तर प्रत्येक दाबाला चित्र बदलल्यासारखं दिसतं, म्हणून पात्राची बाहेरची रेघच बघायची. दोन, क्लिप ३० फ्रेमची करून चढवलेली असेल तर तिनावरची हालचाल कधी चार तर कधी तीन दाबांची निघते आणि हिशोब जुळत नाही. मूळ २४ चीच फाइल घ्या. तीन, टीव्हीतलं हालचाल गुळगुळीत करणारं सेटिंग चालू असेल तर टीव्ही स्वतःच मधली चित्रं बनवतो आणि चित्रकारानं मुद्दाम ठेवलेला झटका मरतो. अ‍ॅनिमे बघताना ते बंदच करा.

तिनावर म्हणजे हलकं काम, असं मात्र अजिबात नाही. योशिनोरी कानादा या अ‍ॅनिमेटरनं काढलेले प्रसंग बघा : टोकदार, वेड्यावाकड्या कोनातली मुद्रा क्षणभर धरायची आणि मधली चित्रं गाळून एकदम पुढच्या मुद्रेवर उडी. वेगाचा भास चित्रं कमी केल्यामुळंच येतो. आपल्या दळवीज किंवा कलानिकेतन या चित्रकलेच्या शाळांत फिगर ड्रॉइंग घासलेल्या कुणालाही यातली अवघड जागा लगेच दिसेल. मुख्य मुद्रांची चित्रं ‘गेंगा’, मधली ‘दोगा’, आणि कुणीही काढलं तरी प्रत्येक पात्राचा चेहरा तोच राहील हे बघणारा तो चित्रण-दिग्दर्शक, ‘साक्कान’. मुरलेले बघणारे शेवटची नामावली न बघता रेघेवरून गेंगा कुणाचा ते ओळखतात. अशा उत्तम हलत्या तुकड्याला जगभरचे चाहते ‘साकुगा’ म्हणतात. जपानीत त्याचा साधा अर्थ चित्र काढणं एवढाच.

पंचगंगाकाठ
फ्रेममोजणींनी चित्राचं सांगितलं, पण बहुतेकांना आधी गोष्ट धरते. तिथंही कारण तेच : नियम. डेथ नोट या मालिकेत एक वही आहे, तिच्यात ज्याचं नाव लिहाल तो मरतो. नाव लिहिल्यावर ४० सेकंदांत मरणाचं कारण लिहिलं तर तसं मरण, नाही लिहिलं तर हृदय बंद पडून. कारण लिहिलं की तपशील लिहायला आणखी ६ मिनिटं ४० सेकंद. पुढची सगळी डोकेबाजी या आकड्यांच्या फटीत चालते. बघणारा नियम लक्षात ठेवून पात्राच्या आधी डाव ओळखू शकतो, आणि गोष्ट त्याला फसवायला चोरून नियम बदलत नाही. ज्या मुलाला ‘एवढं डोकं कशाला लावतोस’ असं सारखं ऐकावं लागतं, त्याला इथं डोकं लावल्याचं बक्षीस आहे.

आणि नायक कोण असतात ते बघा. चिहायाफुरु ही मालिका कारुता या पत्त्यांच्या खेळावर आहे. १०० जुन्या कविता पाठ हव्यात, पटावर त्यांतले ५० पत्ते, दोघांपुढं २५-२५. मांडणी पाठ करायला १५ मिनिटं. वाचणारा कवितेचा पहिला अर्धा भाग म्हणतो, खेळाडूनं उरलेल्या अर्ध्याचा पत्ता उडवायचा. सात कविता अशा आहेत की पहिलं अक्षर कानावर पडताच पत्ता ठरतो : मु, सु, मे, फु, सा, हो, से. बाकीच्यांना दोन, तीन, काहींना सहा अक्षरं ऐकावी लागतात. मालिका हे सगळं न कंटाळता समजावून सांगते आणि त्यावर प्रेक्षकाला रडवते. एकाच गोष्टीचा ध्यास घेतलेलं पोर इतर ठिकाणी विनोदाला असतं, इथं ते नायक आहे.

राजारामपुरी ११वी गल्ली
पण मग डोरेमॉन? कोल्हापुरातलं निम्मं बालपण हिंदी डोरेमॉनवर गेलं, त्यांना कुणी नर्ड म्हटलं नाही. त्याआधी दूरदर्शनवरचा मोगली, तोही जपानीच, निप्पॉन अ‍ॅनिमेशनचा.

पंचगंगाकाठ
बरोबर, आणि जपानातही साझाए-सान ही मालिका १९६९ पासून रविवारी संध्याकाळी अख्खं घर बसून बघतं. शिक्का बसतो तो वय वाढल्यावरही बघणाऱ्यावर. त्यातही जपानी आवाज आणि खाली उपशीर्षकं असं बघणाऱ्यावर जास्त, कारण वाचत बघायचं तर मान वर करून गप्पा मारता येत नाहीत. घरच्यांना तो एकलकोंडा वाटतो. त्यात लोक ‘हिकिकोमोरी’ आणि ‘ओताकू’ एकच समजतात. हिकिकोमोरी म्हणजे सहा महिने किंवा जास्त काळ घराबाहेरचे संबंध तोडून राहणारा माणूस. ओताकू उलट बाहेर पडतो. १९७५ पासून भरणाऱ्या कॉमिकेत या चाहत्यांच्या चित्रकथांच्या बाजाराला गर्दी होते ती त्यांचीच.

पैशाचंही एक कारण आहे आणि ते सहसा सांगितलं जात नाही. १९९० च्या दशकाच्या शेवटापासून मध्यरात्रीनंतर दाखवायच्या मालिका वाढल्या. एक ‘कूर’ म्हणजे १२-१३ भाग, हंगाम जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर. त्या वेळेला जाहिरातीचं उत्पन्न किती असणार? खर्च निघायचा तो डिस्क विकून, दोन भागांची डिस्क सहा-सात हजार येनला. एवढे पैसे मोजणारा प्रेक्षक थोडाच, पण बारकावे पारखणारा. मग मालिका त्याच्यासाठीच बनू लागल्या, प्रसारणात घाईनं राहिलेली वाकडी चित्रं डिस्कसाठी दुरुस्त करून देऊ लागल्या. म्हणजे तो प्रेक्षक आणि ही कला एकमेकांना घडवत गेली. ‘अ‍ॅनिमे नर्डना का आवडतो’ याचं निम्मं उत्तर हेच आहे की बराच अ‍ॅनिमे त्यांनाच डोळ्यापुढं ठेवून केलेला आहे.

शब्दपारखी
या सगळ्यावरून माझं मत ठरलं. नाम शोधू नका, ‘नाद’ वापरा. ‘त्याला नाद लागलाय’ म्हटलं की मराठी माणूस आधी वाईटच शंका घेतो, कशाचा नाद ते न सांगता नुसतं ‘नादी लागला’ म्हटलं तरी. आणि त्याच नादाचा ‘नादखुळा’ झाला की पाठीवर थाप. ओताकूची १९८९ नंतरची भीती आणि आजचा अभिमान, दोन्ही या एका शब्दात आधीच आहेत. वर्गातलं वाक्य : ‘मला अ‍ॅनिमेचा नाद आहे.’ वर्ग गप्प होईल, खात्री बाळगा.

करवीरकर
बसतंय! पुढं एक पात्र त्याला कौतुकानं ‘खरा ओताकू’ म्हणतं, तिथं ‘दर्दी’ घालू का? गाण्याचे दर्दी म्हणतो तसं.

फ्रेममोजणी
घाला. नामावली न वाचता गेंगा ओळखणाऱ्याला दर्दीच म्हणायला हवं. पण जिथं तो समाज म्हणून बोलतो, ‘आम्ही ओताकू’, तिथं मूळ शब्दच ठेवा. तिथं ‘दर्दी’ ठेवलंत तर हिणवल्याचा इतिहास पुसला जाईल.

शब्दपारखी
आणि लिहिताना ‘ओताकू’, ‘ट’ नको. जपानी त आपल्या दंत्य त च्या जवळचा आहे, ‘ट’ इंग्रजीवरून घुसला. तसंच ‘नारुतो’. मराठी नियमानं शेवटचा उकार दीर्घ, सामान्यरूप सरळ : ओताकूला, ओताकूंचा. ‘अ‍ॅनिमे’चं मूळ उच्चारण ‘आनिमे’ला जवळचं आहे, पण ‘अ‍ॅ’ आता रुळलाय, तो राहू द्या. लिंगाचा गोंधळ आहे. वर दोघांनी ‘तो’ धरलाय, मालिका मनात धरून ‘ती’ म्हणणारेही आहेत. तुमच्या भाषांतरात एकच धरा आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत तेच तपासा. ‘कुठली अ‍ॅनिमे बघतोस’ आणि पुढच्या ओळीत ‘तो संपला’ असं झालं की वाचणारा अडखळतो.