मदत हवी आहे: कारखान्यातून आर्ट थेरपीकडे कसं वळू?

नमस्कार मंडळी. मी बेळगावची, वय ४१. उद्यमबागेत १६ वर्षं कास्टिंगची ड्रॉइंग काढली. गेल्या वर्षी पॅरालिसिसनं बाबांची वाचा गेली. एका दुपारी त्यांनी माझ्या लेकाच्या तेलखडूनं वहीवर बैल काढला, शिंग चुकलं म्हणून नखानं खरवडलं. कित्येक महिन्यांनी हसले. तेव्हापासून आर्ट थेरपी, म्हणजे चित्रं काढण्यातून उपचार, हे डोक्यात बसलंय.

केंद्राच्या २०२१ च्या अलाइड हेल्थकेअर (डॉक्टर-नर्स सोडून इतर आरोग्य व्यावसायिकांच्या) कायद्यात आर्ट थेरपिस्टचा उल्लेख आहे, एवढं वाचलंय. पण माझा डिप्लोमा मेकॅनिकलचा! आधी मानसशास्त्राची पदवी करावी का? दोन दिवसांत सर्टिफिकेट देणाऱ्या वर्कशॉपवर माझा विश्वास नाही. धारवाडपर्यंत रोज जाईन, पुणे जमणार नाही. वर्ग कन्नडमध्ये असले तरी चालतील, इथल्या पेशंटशी बोलायला दोन्ही भाषा लागणारच. कुणी हा रस्ता धरलाय का?